दांडक्याला धडकलेला खांदा

अन्याय झाला तो मोखाड्याच्या रानात कोळशाच्या भट्टीवर राबणाऱ्या एका कातकऱ्यावर. केव्हा? होळीच्या आधल्या बाजाराच्या दिवशी, सकाळी भट्टी फोडून कोळसा काढून झाल्यावर, बायकोच्या डोळ्यांदेखत. मुकादमाने त्याला दांडक्याने बडवले. डावा खांदा कायमचा गेला. आणि त्या अन्यायाचा कागद माझ्या हस्ताक्षरात आहे.

मी तेव्हा जव्हारला कोळशाच्या ठेकेदाराच्या कचेरीत नक्कलनवीस होतो. नाशकाला इंग्रजी शिकून आलेला, म्हणून नाक वर. ठेकेदार राहायचा मुंबईला, त्याला सगळे इंग्रजीत लागे. कातकऱ्याने जबानी दिली, कारकुनाने तिचे इंग्रजी केले, मी ते वळणदार अक्षरात उतरवले. अंगठा लावायला बायकोने नवऱ्याचा हात उचलून कागदावर आणला. ते बघूनही मी शाई टिपत बसलो.

मुंबईहून उत्तर आले: मजूर बेपर्वा आहे, त्याला भट्टीवरून काढा.

बाई तडक कचेरीच्या ओट्याशी आली. "दादा, कागदात लिवलंय तरी काय?"

मी नक्कल काढून वाचली. मजूर मुकादमाच्या दांडक्याला 'बम्प' झाला, असे लिहिले होते.

"बम्प म्हंजी?"

माझी शाळेतली वही पाठ होती. हिट, मारणे. स्ट्राइक, मारणे. बीट, मारणे. बम्प, धडकणे. घोकले होते, पण फरक कधी कुणी विचारला नव्हता. मी ओट्याशी पडलेले एक दांडके उचलले आणि कोळशाच्या रिकाम्या पाटीवर एकदा जोरात हाणले.

"हे स्ट्राइक. मुद्दाम, एकदाच."

"एकदा नाय."

मग हाणतच सुटलो. "हे बीट."

तिने पाटीवर आडवा हात धरला. "हां. आसंच. आवाज बी आसाच व्हता. आन् कागदातलं?"

मी चार पावले चालत जाऊन पाटीला गुडघा लावला. "हे बम्प. चालता चालता लागणं. कुणी मारलं नाही."

"मंग तू धडकून दाव ना दांडक्याला," ती म्हणाली. "सात येळा."

मी दांडके खाली ठेवले.

आवाज ऐकून कारकून बाहेर आला. "काय पंडित, पाटीशी कुस्ती?"

मी कागद त्याच्यापुढे धरला. त्याने चष्मासुद्धा नीट केला नाही. "मुकादमाच्या हातून झालं की बम्प लिहायचं, कातकऱ्याच्या हातून झालं की स्ट्राइक. माझ्या आधीपासून असंच आहे. मुंबईला कोळसा हवा असतो हो, भांडण नको असतं."

हे तो पानाला चुना लावत म्हणाला!

मी जुन्या नकला उपसल्या. त्यांतली प्रत्येक जबानी माझ्यासमोरच झाली होती. एका मजुराने मुकादमाच्या मुठीतून नुसता हात सोडवून घेतला होता, तिथे स्ट्राइक. एका बाईला ढकलून पाडले होते, तिथे बम्प. एकामागून एक कागद, आणि अक्षर माझे. दोन वर्षे मी हे उतरवत होतो आणि कारकून माझ्या वळणाची तारीफ करत होता.

त्याच दिवशी मी मुंबईला दुसरे पत्र टाकले. त्यात बीट लिहिले, किती वेळा तेही लिहिले. उत्तर आले नाही. मला मात्र कचेरीतून काढले. त्या जोडप्याची भट्टीवरची खोपी मुकादमाने आधीच मोडली होती. आता ते सूर्यमाळच्या बाजूला असतात. त्याचा हात कमरेच्या वर जात नाही, मजुरीला ती एकटी जाते.

तुम्हाला इंग्रजी येते. तुम्ही कुणाच्या जबानीचे इंग्रजी करत असाल, तर क्रियापद लिहिण्याआधी त्या माणसाला विचारा: कशाने, कितीदा, मुद्दाम की चुकून? त्याला करून दाखवायला सांगा. आणि अशी एखादी जुनी नक्कल तुमच्या दप्तरात पडून असेल, तर ती आज काढा. ज्याचा अंगठा तिच्यावर आहे त्याच्या पाड्यावर जा आणि त्याला कळेल अशा बोलीत ती वाचून दाखवा.