गव्हाणीतला बर्फ

"टीचर, ट्रीवरचा बर्फ रोज कमी होतोय," नाताळच्या आठवड्यात बुधवारी सकाळी आमच्या मॅडमनी मला सांगितलं. आमच्या पांढरकवड्यात डिसेंबरातही दुपारी बर्फ टिकला नसता, पण हा वितळणारा नव्हता. तो कापसाचा होता.

मी चर्चच्या बालवाडीत नर्सरीला शिकवते. मॅडम त्याच वर्षी पुण्याहून हेड म्हणून आल्या आणि येताना 'थीम वीक' घेऊन आल्या. थीम वीक म्हणजे आठवडाभर एकच विषय. गाणं त्याचं, चित्र त्याचं, मोजायचंही तेच. या आठवड्याचा विषय नाताळ, आणि त्यात मंगळवारी बर्फ होता. मॅडमनी बर्फाचा रंग विचारला आणि अख्खा वर्ग "लाल" म्हणाला. आमच्या पोरांनी बर्फ पाहिलाय तो गोळ्याच्या गाडीवर.

ट्रीसाठी मॅडमनी पालकांच्या ग्रुपवर मूठभर कापूस मागितला होता. कापूसवाल्यांकडे मूठभर मागायचा म्हणजे त्यांचा अपमान. एकाने थैलीभर पाठवला, ते पाहून दुसऱ्याने पोतं आणून टाकलं. तोही थेट शेतातून वेचलेला, सरकीसकट. सरकी म्हणजे कापसातलं बी. तेव्हा आमच्या बर्फात बिया होत्या.

ट्रीच्या शेजारी ख्रिस्तजन्माचा गोठा मांडला होता. गव्हाणीत सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरतो तो भुसा, आणि त्यावर बाळ म्हणून एक बाहुली. गोठ्यामागे झाडताना सरकीचा छोटासा ढीग सापडला. मॅडमनी निदान केलं, उंदीर. पिंजरा आला. तो बाळाच्या उशाशी बरा दिसणार नाही एवढं मी सांगून पाहिलं. मग तो पुठ्ठ्याच्या बैलामागे गेला.

माझं लक्ष मात्र उंदरांत नव्हतं. मला पायलचा घोर लागला होता. पायल केळापूरकडच्या तांड्यावरून येणारी. घरी बंजाऱ्यांची गोरबोली, ऑटोत वऱ्हाडी, आमच्याकडे पुस्तकी मराठी आणि वर इंग्रजी गाणी. एवढ्या भाषांच्या गर्दीत तिने जूनपासून तोंडच उघडलं नव्हतं. डबा उघडून हवा असेल तर पुढ्यात आणून ठेवायची, बस. तिचे वडील मला म्हणाले होते, "घरी तं पोट्टी चूप बसत नाही, टीचर. इथंच काहून असं करते, मले समजत नाही."

मॅडमना ते पटत नव्हतं. नाताळपर्यंत बोलली नाही तर तिला पुढच्या वर्षी केजीत घ्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. वडिलांनीही मग तिला शाळेतून काढायचंच ठरवलेलं. म्हणून शुक्रवारच्या नाटकात मी तिला मेंढरू केलं. मेंढराला वाक्य नसतं. मॅडमनी यादी पाहिली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मेंढरूसुद्धा बें करतं, टीचर. तिने निदान तेवढं करावं."

आठवडाभर मी तिच्यापुढे बें बें करत होते. माझं बें उत्तम बसलं.

गुरुवारी मधल्या सुट्टीत उंदीर सापडला. पायल गोठ्यापुढे मांडी घालून बसली होती. ट्रीवरून ओढलेला कापूस मांडीवर घेऊन एकेक सरकी काढत होती, आणि साफ झालेला कापूस बाहुलीखाली सारत होती. मी पाय न वाजवता मागे फिरले. विचारायला गेले असते तर ती पुन्हा मिटली असती. मॅडमनाही सांगितलं नाही. तिचं बोट अडकू नये म्हणून सुट्टीनंतर पिंजरा तेवढा उचलून ऑफिसात ठेवला.

शुक्रवारी हॉल भरला. पायलचे वडील मागे उभे होते. आमच्या चर्चचे म्हातारे फादर, तेच शाळेचे चेअरमनसाहेब, पुढच्या खुर्चीत. मुलं आपापल्या जागी बसली आणि मॅडमना ट्रीची उघडी फांदी दिसली. मग गव्हाणीतला कापूस दिसला. त्या तडक स्टेजवर गेल्या आणि दोन्ही हातांनी तो उपसला. बाहुली धप्पकन कुटारावर पडली.

मेंढरू दोन पायांवर उभं राहिलं.

"मॅडम, काहून काढलं ते? कुटार टोचते न बाळाले."

मॅडम ओंजळीत बर्फ धरून तशाच उभ्या. मला रडू आलं, आणि ते लपवायचं भानही राहिलं नाही. फादर हळूच म्हणाले, "बरोबर बोलते पोरगी. ठेवा परत."

मॅडम गुडघ्यावर बसल्या आणि कापूस परत घालू लागल्या. पायल शेजारी वाकून पाहत होती. ट्रीवरचा कापूस त्यात मिसळू नका, त्यात सरकी आहे, अशी सूचनाही तिने दिली. मॅडम "बरं" म्हणाल्या. मागे तिचे वडील दोन्ही हातांनी तोंड पुसत होते.

पायल आता केजीत आहे. परवा मॅडमच मला सांगत होत्या, ती वर्गात कुणाला बोलूच देत नाही, काही उपाय आहे का. मी म्हटलं, नाही.

इतक्या वर्षांत एवढंच कळलं, की मूल बोलत नसेल तेव्हा त्याला काय येत नाही हे शोधू नये. बोलावंसं वाटेल असं आपण काही केलंय का, ते आधी बघावं. आणि बें तिने अजून केलेलं नाही. मी करते.