पाटीवरचे दोन शब्द

पालिकेचा कारकून पाटीचा मसुदा घेऊन आला तेव्हा आक्का खिडकीपाशी बसून भावाचे मोजे रफू करत होती. भावाला जाऊन दहा महिने झाले होते.

"आजी, सही तेवढी हवी," कारकून म्हणाला. "त्यांचा जन्म पाहिलेल्या आता तुम्ही एकट्याच उरलात."

कागदावर तीन ओळी होत्या. सुप्रसिद्ध गायक. खाली भावाचं नाव. त्याखाली, यांचा जन्म या घरात झाला, आणि मार्च महिन्यातली एक तारीख, युद्धाच्या तिसऱ्या वर्षातली.

आक्काने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

"तारीख चुकली आहे," ती म्हणाली. "घरही."

कारकून हसला. तरुण होता, स्वभावाने चांगला होता. "आजी, अख्खं गाव त्या तारखेला त्यांची गाणी लावतं. रेडिओवाले सकाळपासून सुरू होतात."

"लावू देत. चुकली आहे."

ती तारीख पहिल्याची होती.

पहिला भाऊ त्या घरात जन्मला तेव्हा आक्का सहा वर्षांची होती. खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला. भोंगा झाला आणि सगळी इमारत तळघरात पळाली, पण आईला हलता येईना. शेजारणीने आक्काच्या हातात मेणबत्ती दिली आणि बजावलं, हलायचं नाही. ती हलली नाही. बाळ रडलं आणि त्याच वेळी भोंगा थांबला. ते आठवून शेजारीण पुढे कितीतरी दिवस हसायची. म्हणायची, पोराने विमानं पळवून लावली.

जुलैमध्ये वडील आघाडीवरून आठ दिवसांच्या रजेवर आले. बाळाला खांद्यावर घेऊन हिंडले. परत गेले आणि मग त्यांचं पत्रही आलं नाही. ऑक्टोबरमध्ये बाळाला खोकला झाला. चौथ्या दिवशी सकाळी आईने त्याला उचललं आणि परत ठेवलं. त्याच्या तोंडावर दुपटं ओढलं. नंतर म्हणाली, "कोणाला सांगायचं नाही."

कारण होतं दुधाचं कार्ड. दोन वर्षांखालच्या मुलाला रोज अर्धा लिटर दूध मिळायचं. मूल गेल्याची नोंद केली की कार्ड परत द्यावं लागे. आईला दिवस गेले होते आणि आक्काच्या बरगड्या दिसत होत्या. बाळाला दोघींनी जवळच्या कारखान्याच्या कोळशाच्या आवाराबाहेर, भिंतीच्या कडेला पुरलं. दूध येत राहिलं. आक्का ते प्यायली. पुढे आयुष्यभर तिने दुधाला तोंड लावलं नाही. पोटाला सोसत नाही, असं सांगायची.

दुसरा एप्रिलमध्ये झाला. घरात नाही. आई कामावर होती त्या तारांच्या कारखान्याच्या तळघरात, रिकाम्या खोक्यांवर. त्याची नोंद करायची तर पहिला कुठे आहे हे सांगावं लागलं असतं. मेलेल्याच्या नावावर सहा महिने दूध उचललेल्या एका बाईला त्याच महिन्यात तुरुंगात टाकलं होतं. आईने नोंद केलीच नाही. पहिल्याच्या नावाने, पहिल्याच्या तारखेवर दुसरा वाढू लागला. कार्ड तपासायला आलेल्या बाईने विचारलं, "वर्षाच्या मानाने फारच लहान दिसतो, नाही?"

"खायला काय घालतो आपण त्यांना, बाई?" आई म्हणाली. बाईने मान खाली घालून शिक्का मारला.

तो त्या कागदापेक्षा तेरा महिन्यांनी लहानच राहिला. शाळेत सगळ्यात बुटका. मुलांच्या गायनवृंदात मात्र पहिल्या रांगेत. तिथे वयाची अट तेराची होती. कागदावर तेरा पूर्ण झाली त्या दिवशी मास्तरांनी त्याला घरी पाठवलं. त्याचा आवाज अजून काचेसारखा पातळ होता, आणि फुटायला वर्षभर अवकाश होता. तो जिन्यात बसून रडला. आक्का तेव्हा एकोणीस वर्षांची. तिला सगळं ठाऊक होतं आणि बोलता येत नव्हतं. तिने त्याचा हात धरला आणि वरच्या मजल्यावरच्या ड्रमवाल्याच्या दारात उभं केलं. हा ड्रमवाला एका हॉटेलात नाचासाठी वाजवायचा.

"हा गातो," ती म्हणाली.

"आणि बाकी काय करतो?"

"रडतो. दोन्ही सुरात."

तिथून सगळं सुरू झालं. पुढे मुलाखतींत तो म्हणायचा, मला गायनवृंदातून हाकललं नसतं तर मी कारकून झालो असतो. लोक हसायचे.

आक्का तोवर गाण्यांच्या तबकड्यांच्या कारखान्यात लागली होती. शंभरातली एक तबकडी काढायची, कानाला हेडफोन लावून अख्खी ऐकायची. खरखर आली की शंभरच्या शंभर भंगारात. भावाची पहिली तबकडी आली आणि तिसऱ्या मिनिटाला खरखरली. आक्काने लाल खूण केली. तो आठवडाभर बोलला नाही.

"सख्ख्या भावाच्या शंभर तबकड्या फोडल्यास!"

"तुझ्या आवाजाला कोणी काही बोललं का? भोक वाकडं पडलं होतं."

त्याच्या साठाव्या वाढदिवशी रेडिओवाल्यांनी दोघांना बोलावलं. आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. भीती कसली उरली नव्हती, पण त्याला खरं कधी कोणी सांगितलं नव्हतं. "आक्का, माझ्या जन्माची गोष्ट सांग ना," तो म्हणाला. आक्काने मेणबत्ती सांगितली, भोंगा सांगितला, शेजारीण सांगितली. पहिल्याबद्दल चार माणसांत बोलायची एवढी एकच वाट तिच्याकडे होती. तो लहान पोरासारखा तोंड उघडं टाकून ऐकत राहिला. त्यानंतर ती गोष्ट त्याचीच झाली. दर वर्षी तो ती सांगायचा, आणि तिच्यापेक्षा चांगली.

"कागद आहे का काही?" कारकून विचारत होता. "दुसरी तारीख दाखवणारा?"

"नाही."

त्याने मोबाइल काढला आणि टेबलावर ठेवला. खोलीत आक्काचाच आवाज आला, वीस वर्षांनी तरुण. मला मेणबत्ती धरून उभं केलं होतं. मी हलले नाही.

"या तुम्हीच ना, आजी?"

"मीच."

कारकुनाने संकोचून मोबाइल बंद केला. "वयामुळे होतं कधी कधी. माझ्या आजीचंही होतं."

आक्काने मसुदा पुन्हा पुढ्यात ओढला. बाळाला पुरलं होतं त्या भिंतीकडेच्या जागेवर आता दुकानं होती. पहिल्याच्या नावाचं जगात कुठे काही नव्हतं. आणि इथे समोर त्याचं नाव होतं, त्याची तारीख होती, त्याचं घर होतं. वरचे दोनच शब्द त्याचे नव्हते.

"हे काढा," ती म्हणाली. "सुप्रसिद्ध गायक."

"का हो?"

"त्याला कोण ओळखत नाही?"

कारकुनाने मसुद्याकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा उजळला. "खरं आहे. ओळख करून द्यावी लागते ती साध्या माणसांची." त्याने ते शब्द खोडले. आक्काने सही केली.

मार्चमध्ये पाटी लागली. पन्नासेक माणसं होती. हॉटेलात भावाबरोबर वाजवणारा म्हातारा ट्रंपेटवाला चाकाच्या खुर्चीतून आला होता. सगळ्यांनी मिळून भावाचं गाणं म्हटलं. आक्का पाटीखाली उभी राहून वाचत होती. पहिल्याचं झालं. मग तिच्या मनात आलं की आता दुसऱ्याचं कुठेच काही नाही. तो कुठे जन्मला, कधी जन्मला, हे तिच्याबरोबर जाणार. ज्याला हातांवर वाढवलं, त्याच्या अंगावरचं काढून तिने पहिल्याला घातलं होतं.

भावाची मुलगी तिच्या दोन पोरींना घेऊन जवळ आली.

"आत्या, यांना आजोबांच्या जन्माची गोष्ट सांग ना. तुझ्या तोंडून ऐकू दे एकदा."

पोरी वर बघत होत्या. आक्काने भिंतीला हात टेकला.

"एप्रिल होता," ती म्हणाली. "कारखान्याचं तळघर होतं. खाली रिकामी खोकी..."

"आत्या," भाची हळूच म्हणाली. तिने आक्काचा दंड धरला. "मार्च. आणि कारखाना कुठला? हेच घर. मेणबत्ती, भोंगा..."

पोरी एकमेकींकडे बघून हसल्या. भाचीने त्यांना डोळ्यांनी दटावलं.

आक्काने भिंतीवरचा हात काढला. मागे कोणी तरी गाण्याचं पुढचं कडवं धरलं.

"हो," ती म्हणाली. "मार्च. हेच घर. मी विसरले."