डोंगरावरच्या वाघोबाची चोरी

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण जुन्या केसेसचा विषय निघाला की मला सगळ्यांत आधी आठवते ती एका लाकडी देवाची चोरी. तेव्हा मी विरार पूर्वेच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीच्या एका टोकाला मनवेलपाड्याच्या चाळी आणि इमारती, दुसऱ्या टोकाला डोंगरातले वारली पाडे. बदलून येणारे अधिकारी इमारतींकडेच तोंड करून बसत. मी आगाशीकडचा, भातशेतीवाल्या घरातला. डोंगराकडे पाठ फिरवून आपला जिल्हा कळत नाही, असं मी शिपायांना नेहमी सुनवायचो.

दिवाळी तोंडावर आली होती. एका पाड्याची माणसं ठाण्यात येऊन भिंतीला टेकून बसली. पुढे एक म्हातारी. त्यांच्या शिवेवरचा वाघोबा, म्हणजे वाघ, चंद्र आणि सूर्य कोरलेला लाकडी खांब, कोणीतरी उपटून नेला होता.

"नवा भात घरात आलाय, सायेब," म्हातारी म्हणाली, "पन तोंडात नाय घालाचा. वाघबारशीला देवाला देऊ, मंग आमी खाऊ. आता देवच नाय, तं देऊ कोनाला?"

ठाणे अंमलदाराने माझ्याकडे पाहिलं. "साहेब, एका लाकडासाठी फिर्याद?"

"चोरीची फिर्याद आहे. रीतसर घ्या," मी म्हणालो. जागेचा पंचनामा करायला मी स्वतः वर गेलो. घराघरात नव्या भाताच्या कणग्या भरलेल्या आणि चुलीवर रेशनचा तांदूळ शिजत होता. वाघबारस म्हणजे आपल्या वसुबारसेचाच दिवस. त्याच्या आत देव परत आणायचाच, असं मी तिथेच ठरवलं.

डोंगराच्या पायथ्याशी चहाची टपरी चालवणारा एक जण माझा खबऱ्या होता. त्याने सांगितलं, पहाटे एक टेम्पो खाली उतरला आणि ताडपत्रीखाली काहीतरी लांबलचक होतं. टेम्पोच्या वर्णनावरून आम्ही मनवेलपाड्यातल्या एका ड्रायव्हरपर्यंत पोहोचलो. तिशीचा, नीटनेटका, बोलायला चटपटीत.

"साहेब, मी इकडेच चाळीत मोठा झालोय," तो म्हणाला. "त्या जंगलात कुठे काय आहे, मला काय आयडिया? त्या दिवशी पहाटे मी खालच्या वाडीतून बांबू भरले."

मुद्दा बिनतोड होता. झाडीतली ती जागा दिवसाउजेडी माझ्या शिपायांना सापडत नव्हती. चाळीत वाढलेल्या माणसाला अंधारात कशी सापडणार? फिरवून फिरवून विचारलं, पण गडी जबाबातून हलेना. त्याला सोडून द्यायची वेळ आली होती.

दुपार झाली. चौकशीला बोलावलेल्या माणसाला उपाशी ठेवायचं नाही हा माझा नियम, कारण भुकेला माणूस कशालाही हो म्हणतो आणि तो होकार कोर्टात टिकत नाही. माझा डबा घरून आला होता. आमच्याकडे कोजागिरीलाच नवं, म्हणजे नव्या भाताचा पहिला नैवेद्य, झालेलं, त्यामुळे डब्यात नवा भात आणि वालाचं बिरडं होतं. मी अर्धा डबा त्याच्यापुढे ठेवला. त्याने चहाबरोबर आलेल्या पावाशी बिरडं खाल्लं. भाताला हात लावला नाही.

"भात का नाही घेत?"

"पोट बिघडलंय, साहेब."

पोट बिघडलेला माणूस वालाचं बिरडं पुसून खातो? नव्या तांदळाचा वास शेतकऱ्याच्या पोराला कळतो, तसा तो त्यालाही कळला होता. मी आवाज न चढवता विचारलं, "वाघोबाला दाखवल्याशिवाय नवं खात नाहीस, आणि त्याच वाघोबाला विकलंस?"

त्याने ताट बाजूला सारलं. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला. जन्म त्याच पाड्यावरचा. लहानपणी आईबरोबर खाली आलेला. आई चाळीतही वाघबारशीआधी नवं शिजवत नसे.

"लाकूड जुनं झालंय, पाड्यावाले नवीन बसवणारच होते. म्हटलं, जुनं नेलं तर काय बिघडतंय," तो म्हणाला. पण नवा बसवल्याशिवाय जुना हलवत नाहीत, एवढंच तो विसरला होता, किंवा सोयीने विसरला होता.

नायगावच्या एका टॉवरमध्ये फ्लॅट सजवणाऱ्या माणसाला त्याने देव विकला होता. ड्रायव्हरनेच दाखवलेल्या त्या माणसाच्या गोदामातून आम्ही तो पंचांसमक्ष जप्त केला. आता देव झाला मुद्देमाल. खटला संपेपर्यंत तो आमच्या कोठीत पडून राहिला असता. मी कोर्टात अर्ज केला, हातातली कामं टाकून पाठपुरावा केला आणि वाघबारशीच्या आदल्या दिवशी तो सुपुर्दनाम्यावर पाड्याच्या ताब्यात दिला. हे काम मी छाती ठोकून सांगतो.

वाघबारशीला मीही गेलो. खांब आदल्या रात्री पायथ्याच्या टपरीपर्यंतच आणून ठेवला होता. जामिनावर सुटलेला ड्रायव्हर पायथ्याशी उभा होता. वर यायची त्याची हिंमत नव्हती.

"उचल," म्हातारी त्याला म्हणाली. "तूच उतरवलास, तूच चढव."

अख्खी चढण त्याने तो खांब खांद्यावर नेला, कोणाला हात लावू दिला नाही. देव जागेवर बसला, नैवेद्य झाला, आणि पानावर नवा भात वाढून म्हातारीने पहिलं पान त्याच्यापुढे सरकवलं. माझं दुसरं.

पुढे त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला, शिक्षा भोगली. पाड्याने त्याला वाळीत टाकलं नाही. चोर मी पकडला याचा मला अभिमान आहेच, उगाच खोटं कशाला बोलू. पण त्याला खरं पकडलं ते त्याच्या आईच्या शिकवणीने. माणूस डोंगर उतरून येतो, भाषा बदलतो, पत्ता बदलतो. त्याच्याबरोबर काय काय खाली येतं ते तपास करणाऱ्याला ठाऊक हवं, हे मी तिथे शिकलो. देव विकणाऱ्याच्याही घशाखाली देवाआधीचा घास उतरत नाही, अशी माणसं माझ्या जिल्ह्यात राहतात.