गौराक्कांच्या वाटीतली ज्वारी

किल्ला बघायला माणसं दारात आली की गौराक्का आधी त्यांची पायताणं बघायच्या, मग डोकी मोजायच्या आणि जितकी डोकी तितके ज्वारीचे दाणे वाटीत टाकायच्या. मगच खिळ्यावरची वीतभर किल्ली काढून द्यायच्या. माणसं परतली की एकेक दाणा बाहेर. ज्वारी त्यांच्या गावची, दुधनीची, वाटी दुधनीची, किल्ला मात्र आयर्लंडचा.

इकडं खेड्यातल्या पडक्या किल्ल्यांवर राखणदार नसतो, किल्ली शेजारच्या घरात ठेवतात. नातीला सांभाळायला लेकीकडं आलेल्या गौराक्कांचं घर किल्ल्याला सगळ्यांत जवळचं, म्हणून किल्ली त्यांच्याकडं आली. किल्ल्यामागं जुन्या साधूंचा मठ आहे. छप्पर गेलंय, आत गवत. तिथनं जाताना त्या हात जोडायच्या. "मठ मोडला तरी मठच की."

मी त्यांची शेजारीण, करकंबची. आठवीत शाळा सुटली. नवरा इथं इस्पितळात नर्स, त्याच्या परमिटवर माझं राहणं. मला सगळ्याचीच भीती. दारावर टकटक झाली की भीती, टपाल आलं की भीती, कुणी इंग्रजीत बोलायला लागलं की घाम. गौराक्का मला तंगी म्हणायच्या, म्हणजे कानडीत धाकटी बहीण. "तंगी, न्हाय कळलं तर न्हाय म्हण की. जीब झडती व्हय?" पण मला तेवढंच जमायचं नाही. मी सगळ्यांना येस म्हणायचे.

एकदा थंडीत आक्का डोळे तपासायला गेल्या आणि किल्ली माझ्या हवाली केली. दुपारी गाडीतून चौघं आली. त्यांच्यामागून काठी टेकत एक म्हातारा, एकटाच. मी पाच दाणे टाकले. तासाभरानं चौघांतली एक बाई किल्ली घेऊन आली. भराभर काही बोलली, किल्ल्याकडं बोट केलं. मी म्हटलं, येस, येस. गाडी गेली. मी किल्ल्यापाशी गेले, दाराला कुलूप घातलं, वर मान करून बघितलंसुद्धा नाही.

आक्का आल्या तेव्हा अंधारून आलं होतं. इथं थंडीत साडेचारलाच अंधारतं. चपला काढता काढता त्यांनी वाटीत बघितलं.

"दाणे काढलं न्हाईस? किती जणं आली परत?"

"चार."

"आन् गेलती किती?"

मी वाटीतले दाणे मोजले. पाच. आक्का अनवाणीच निघाल्या. कुलपात मला किल्ली बसवता येईना, तशी त्यांनी ती हिसकावून घेतली. आतला जिना गोल, एका माणसापुरता. मी मोबाईलचा उजेड धरला. वर कसलीच चाहूल नव्हती. माझ्या मनात एकच, मेला असला तर. माणूस गेलं, आपलं परमिट गेलं, नवऱ्याची नोकरी गेली.

"ओ आज्जा," आक्कांनी हाक मारली. "हायसा का?"

वरून खोकला आला. म्हातारा पायरीवर बसून होता, घोटा सुजलेला, ओठ निळे पडलेले. आक्कांनी आपली शाल त्याला गुंडाळली. आम्ही त्याला बसवत बसवत एकेक पायरी खाली उतरवलं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्यानं माझा हात सोडला नाही.

दोन दिवसांनी किल्ल्याचं बघणारे साहेब वही घेऊन आले. कुणी कुलूप लावलं? मी तोंड उघडायच्या आत आक्का म्हणाल्या, "आय लॉक."

साहेबांनी लिहून घेतलं आणि किल्ली नेली.

"असं का केलंत आक्का?"

"मला म्हातारी म्हणून सोडत्याल. तुला न्हाय सोडायची. गप ऱ्हा."

मी गप्प राहिले. त्यानंतर त्यांच्या दारात कुणी येईना. त्या दिवसभर खिडकीशी बसायच्या, पण मला एकदाही बोल लावला नाही त्यांनी. उन्हाळ्याच्या तोंडाला त्या दुधनीला परतल्या.

गेल्या महिन्यात त्या गेल्याचा फोन आला. दुसऱ्या दिवशी मी बसनं त्या साहेबांच्या कचेरीत गेले. वाटेत दोनदा उतरून परत फिरावंसं वाटलं. साहेबांना म्हटलं, "आय लॉक. नॉट आक्का." त्यांनी काहीतरी लांबलचक विचारलं. कळलं नाही, आणि मी म्हणाले, नाही, कळलं नाही. मग त्यांनी हळूहळू विचारलं, मी हळूहळू सांगितलं. त्यांनी वहीतलं आक्कांचं नाव खोडलं आणि खाली माझं लिहिलं. स्पेलिंग मीच सांगितलं.

पुढं काय, ते त्यांनी सांगितलं नाही. टपालाची गाडी दारापुढं थांबली की अजून भीती. पण दार मीच उघडते.