ठमीचे माहेरपण

पुणे स्टेशनच्या तिकीटखिडकीतल्या बाबूने चष्म्यावरून आधी माझ्याकडे पाहिले, मग माझ्या पायाशी बसलेल्या ठमीकडे.

"तुमचं बडनेऱ्याचं. परतीचं ना?"

"हो, परतीचं."

"आणि कुत्रीचं?"

"तिचं नुसतं जायचं."

तिकीट फाडताना बाबूने ठमीकडे आणखी एकदा पाहिले, ते मला आवडले नाही.

परतल्यापासून आळीतले लोक विचारतात, मास्तर, कुत्री घेऊन एवढ्या लांब वऱ्हाडात गेलात कसे? आम्हालाही उन्हाळ्यात आमचा वाघ्या गावी न्यायचा आहे, काही सांगा. म्हणून हे लिहीत आहे. सांगण्यासारखे बरेच आहे. त्यात माझ्या चुकाच अधिक. पण मी का गेलो ते आधी सांगायला हवे, नाहीतर पुढचे सगळे लबाडीचे होईल.

मी अमरावतीच्या एका शाळेत अकरा वर्षे ड्रॉइंग मास्तर होतो. निवृत्त होऊन पुण्यास आलो त्याला सात वर्षे झाली. गेल्या श्रावणात माझी पत्नी वारली. त्यानंतर दिवाळीपर्यंत घरात मी आणि ठमी, दोघेच. शेवटी मुंबईला मुलाकडे कार्ड टाकले की तुमच्याकडे येऊन राहू का. उत्तर आले, "या. कुत्रीचे मात्र जमणार नाही. चाळीचे मालक जनावर ठेवू देत नाहीत." कधी येता, हे कार्डात विचारले नव्हते. तरी मी ते दोनतीनदा वाचले आणि ठरवले की ठमीला तिच्या मूळ जागी, वऱ्हाडातल्या देवकाबाई माळिणीच्या मळ्यात सोडून यायचे, मग घराला कुलूप घालून मुंबई गाठायची. देवकाबाई आठवड्याला गाडीभर वांगी आणि संत्री घेऊन अमरावतीच्या बाजारी येई. नऊ वर्षांपूर्वी तिनेच टोपलीतून हे पिल्लू आणून माझ्या पत्नीच्या मांडीवर ठेवले होते.

तर आता प्रवास. आगगाडीत कुत्र्याला आपल्याजवळ बसू देत नाहीत. गार्डाच्या डब्यात एक लाकडी पेटी असते, तिला जाळीचे दार. ठमीला आत घातली तेव्हा ती ओरडली नाही, हेच मला जड गेले. पेटीत तळाला घरची एखादी जुनी वापरलेली वस्तू घालावी. मी पत्नीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घातला होता. ठमीने त्याच्यात नाक खुपसले ते दौंड येईपर्यंत काढले नाही. पाण्याचा लोटा आपला बाळगावा आणि प्रत्येक मोठ्या स्टेशनवर स्वतः जाऊन पाणी दाखवावे. गार्ड भला असला तरी त्याच्यामागे दहा कामे असतात. गाडी बदलताना आधी कुत्रे उतरवावे, मग वळकटी. मनमाडला मी उलटे केले, आणि पेटीसकट गार्डाचा डबा यार्डाकडे सरकू लागला तेव्हा धोतराचा सोगा हातात धरून जो धावलो तसा शाळेच्या खेळातही कधी धावलो नव्हतो. गार्डाने हात देऊन मला वर ओढले. वळकटी फलाटावरच राहिली. ती एका हमालाने मागून धावत आणून आत फेकली, त्याचे भले होवो. यार्डातून ठमीला घेऊन फलाटावर परत आलो तेव्हा वऱ्हाडची गाडी सुदैवाने अजून उभी होती.

अकोल्याला एक दिवस थांबलो. कुत्र्याला सलग दोन दिवस पेटीत ठेवू नये. स्टेशनबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, सरकी काढणाऱ्या जिनांकडे निघालेली. माघातले ऊन स्वच्छ होते आणि हवेत कापसाचे तंतू तरंगत होते. चार पावले चाललो नाही तोच ठमी पांढरी दिसू लागली.

धर्मशाळेचा रखवालदार दारातच आडवा झाला. "कुत्र्याले आत जागा नाई जी. लोकं सोवळ्यात राह्यते."

"मग मला बाहेर ओट्यावर द्या."

"तुमाले काहून बाहेर? तुमी त मानूस हाये न!"

मी ओट्यावरच वळकटी सोडली. आत एक कुटुंब जेवायला बसले होते. मुलांचा कलकलाट, ताटांचा आवाज, कोणीतरी कोणाला आणखी वाढ म्हणून रागावत होते. मी पुरचुंडीतल्या दशम्या काढल्या. ठमीला अर्धी दिली, तिने हुंगली आणि बाजूला सारली. परक्या जागी कुत्री पहिल्या दिवशी खात नाहीत. घाबरून जाऊ नये. पण मलाही त्या दिवशी खाववेना. बायकोच्या माघारी पहिल्यांदाच घराबाहेर मुक्काम होता, आणि दशमीला तूप कमी पडलेय हे सांगायला समोर कोणी नव्हते.

रखवालदाराने संध्याकाळी घोंगडी आणून दिली. "एकटेच का जी?"

"नाही, दोघं आहोत," म्हणालो, आणि लगेच परतीच्या तिकिटांचा हिशेब आठवला.

दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याहून अमरावतीला आलो. देवकाबाईच्या मळ्याकडे जाणारी मोटार दुपारची होती, तोवर वेळ काढायचा होता. ठमीची दोरी मी सैल सोडली आणि तिने मला ओढत आमच्या जुन्या बोळात नेले. तिसऱ्या घराच्या पायरीवर जाऊन ती सरळ बसली आणि दाराकडे पाहू लागली. शाळेतून आलो की याच दारातून मी "आलो गं" म्हणत असे. आतून उत्तर येत नसे, फक्त स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येई. ही सवय पुण्यातही सुटली नव्हती, श्रावणापासून सुटली.

दार उघडून एक तरुण बाई बाहेर आली. "कोन पायजे जी तुमाले?"

"कोणी नाही. पूर्वी आम्ही इथे राहत होतो."

"बसा न मंग. पानी देऊ का?"

तिने ठमीला करवंटीत पाणी दिले. मी बसलो नाही.

इथे माझी मोठी चूक झाली. ठमी कालपासून उपाशी होती आणि हिच्यासोबत आपला हा शेवटचाच फेरा, या विचाराने माझे मन इतके कळवळले की मी तिला दुकानातून आणून शेरभर दूध आणि भाकर बळेच चारली. मोटारीत बसण्याआधी कुत्र्याला कधीही पोटभर घालू नका. चांदूर बाजारच्या रस्त्याला खड्ड्यांना तोटा नाही. शेजारच्या गृहस्थांनी उकाड्यामुळे पागोटे काढून मांडीवर ठेवले होते. ठमीने चारी पाय रोवले, मान खाली घातली आणि ते सगळे दूध त्या पागोट्यात परत केले.

पुढचा प्रकार लिहीत नाही. ड्रायव्हरने मोटार थांबवली. "उतरा जी खाली. तुमच्यापाई माही गाडी घान झाली."

ते पागोटे मी स्वतः नाल्यावर धुऊन दिले, आणि मोटार आम्हाला तिथेच टाकून निघून गेली. दोन्ही बाजूंना काळी राने होती. कापूस वेचून झालेला, पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडे) उभ्या, मध्ये हरभऱ्याचे हिरवे तुकडे. मैलभर माणूस दिसेना. ठमी मात्र हलकी होऊन शेपूट हलवत होती. घटकाभराने एक बैलगाडी आली. गाडीवान रिद्धपूरच्या बाजूचा शेतकरी होता, त्याने मला वर घेतले. ठमीही चढू लागली तसा तो म्हणाला, "तिले खाली चालू द्या, गाडीच्या सावलीत. दोरी बांधू नोका, चाकात येते." हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. गाडीखालच्या सावलीत कुत्रे कोसभर सहज चालते आणि त्याला उलटीही होत नाही.

"कुत्री कोनाले देऊन राह्यले का?" त्याने विचारले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"घडीघडी खाली वाकून पाहून राह्यले तुमी, म्हून इचारलं."

मळ्याच्या फाटकाशी उतरलो तेव्हा ऊन कलले होते. संत्र्यांची झाडे पिवळ्या फळांनी वाकलेली. देवकाबाई वाफ्यात वाकून मेथी उपटत होती. ती आता पुरती म्हातारी झाली होती. मला तिने आधी ओळखलेच नाही, ठमीला ओळखले.

"अव माय! माही लेक आली!"

मी पुढे व्हायच्या आत तिने हाताने मला थांबवले, घरात गेली आणि भाकरीचा तुकडा व तांब्याभर पाणी घेऊन आली. तुकडा ठमीवरून तीनदा ओवाळून लांब फेकला, तिच्या पायांवर पाणी घातले आणि मगच फाटक पूर्ण उघडले. सासरहून आलेल्या लेकीला वऱ्हाडात असेच घरात घेतात. मला आठवले, नऊ वर्षांपूर्वी पिल्लू देताना हिने त्याच्या कपाळाला कुंकू लावून माझ्या पत्नीला म्हटले होते, "लेक देऊन राह्यली, बाई. सांभाळजा." आम्ही तेव्हा हसलो होतो. देवकाबाई हसली नव्हती.

"माहेरपनाले आनली न मास्तर? लय बेस केलं. चार दिस राहू द्या." मग तिने माझ्या मागे रस्त्याकडे पाहिले. "बाई काहून नाई आल्या?"

आता काय सांगावे? ओवाळलेल्या भाकरीचा तुकडा अजून धुळीत पडला होता. तेवढ्या आनंदात मला खरे सांगवेना.

"गुडघे दुखतात तिचे," मी म्हणालो.

एकदा खोटे बोललो आणि दोन दिवस त्यातच अडकून राहिलो. देवकाबाईने आमच्यासाठी रोडगे (गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे जाड गोळे) केले आणि वांग्याची झणझणीत भाजी. प्रत्येक घासाला ती विचारी, बाईले कढी आवडे, अजून करते का? बाईचे केस पांढरे झाले का? मी होही म्हणे आणि नाहीही. दुसऱ्या दिवशी रिद्धपूरला जाऊन आलो, ते केवळ तिच्यासमोरून उठायला मिळावे म्हणून. महानुभावांचे ते मोठे ठिकाण. काळी वस्त्रे नेसलेले साधू शांतपणे ये-जा करत होते. माझे कशातच लक्ष लागले नाही. परतलो तर ठमी देवकाबाईच्या हातून ताक-भाकर खात होती. अकोल्यात घास न घेणारी ठमी ताटली चाटूनपुसून साफ करत होती. माझे काम सोपे झाले होते आणि मला त्याचे फार वाईट वाटले.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघायचे होते. खरे काय ते काल नाही तर आज सांगू, आज नाही तर फाटकाशी, असे करत मी वळकटी बांधली. देवकाबाई बाहेर आली. तिने ठमीच्या कपाळाला कुंकू टेकवले, माझ्या हातात शिदोरी दिली आणि वर एक हिरवा खण ठेवला.

"हा बाईले द्या. लेकीसंगं रिकामं नाई धाडत आमी."

मी वळकटी खाली ठेवली. सवाष्णीसाठी दिलेला खण घेऊन निघून जाण्याइतका निर्लज्ज मी नव्हतो.

"देवकाबाई, ती गेली. श्रावणात."

ती जागच्या जागी खाली बसली. तिने पदर तोंडाला लावला. ठमी जाऊन तिच्याजवळ बसली. मग जे उरले होते तेही मी बोलून टाकले: मुलाचे कार्ड, चाळीचे मालक, आणि ठमीला इथे ठेवायला आणल्याचे. तिचे परतीचे तिकीट काढले नाही, हेसुद्धा.

देवकाबाईने डोळे पुसले. "लेकानं बलावलं तुमाले?"

"मी विचारलं. तो या म्हणाला."

"म्हंजी बलावलं नाई." ती उठली. आता तिचा आवाज करडा होता. "मास्तर, माहेर चार दिसाचं राह्यते. लेक जल्माची माहेरी आनून टाकली त लोकं तिले काय म्हंते, मालूम हाये न तुमाले?"

"पण ती कुत्री आहे, देवकाबाई."

"हाये न. पन बाई गेली, आता इलेबी इथी सोडता. मंग तुमच्या घरात राह्यलं कोन? घरात एक तरी बाईमानूस पायजे."

मी खण परत पुढे केला. तिने हात मागे घेतले. "देल्ला खन वापस नाई घेत. लेकीच्या अंगाखाली टाकजा. बाईचा म्हून."

फाटकातून बाहेर पडताना मी रडत होतो. येतानाचाच गाडीवान न्यायला आला होता, त्याने पाहून न पाहिल्यासारखे केले. ठमी आपण होऊन गाडीखालच्या सावलीत शिरली आणि चालू लागली.

बडनेऱ्याच्या खिडकीवर मी पुण्याचे कुत्र्याचे तिकीट मागितले. तिथला बाबू म्हणाला, "परतीचं तिकडूनच काढाचं होतं न जी, इतकी धावपळ नसती झाली." माझ्या चुकांची यादी इथे संपते. बाकी सूचना वर आल्या आहेत. पण एकच लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. जनावर घेऊन निघालात, तर निघतानाच दोघांचे परतीचे तिकीट काढा.

परतीच्या वाटेवर मनमाडला मी मुलाला कार्ड लिहिले, की येत नाही, तुम्हीच सुट्टीत या. गाडी बदलताना आधी ठमीला उतरवले, मग वळकटी. पेटीत लुगड्याच्या तुकड्यावर हिरवा खण अंथरला होता.

पुण्यात घराशी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. कुलूप काढून दार लोटले, तशी ठमी पायांतून आत घुसली आणि अंधारात स्वयंपाकघराकडे गेली. मी उंबऱ्याबाहेर थांबलो. कितीतरी महिन्यांनी म्हणालो, "आलो गं."

आतून भुंकण्याचा आवाज आला. मग ठमी दारापर्यंत परत आली, तिने माझ्याकडे पाहिले आणि ती पुन्हा आत चालू लागली. मी तिच्यामागे घरात गेलो.