उपाशीपोटी सुई

माझा डॉक्टरांवर विश्वास नव्हता, आणि ते मी लपवतही नव्हते. मुलगी चार वर्षांची. तिच्या जांघेत हर्नियाची गाठ होती, रडली की फुगायची. साताऱ्यात ऑपरेशन ठरलं. भूल देणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "पूर्ण भूल नाही. हलकी झोप देऊ, मग माकडहाडापाशी एक इंजेक्शन. कमरेखालचं दुखणं तिला कळणार नाही."

तिथंच शंकेची पाल चुकचुकली. हिच्या वेळी सिझरला माझ्या पाठीत सुई टोचली, तेव्हापासून कंबर धरते ती धरतेच. "मदीच जागी झाली तर?" मी विचारलं. "नाही होणार." इतकं थोडक्यात बोलणारी माणसं मला खरी वाटत नाहीत. नवरा फौजेत. फोनवर म्हणाला, "त्या सांगत्यात तसं कर." त्याला काय जातंय तिकडून हुकूम सोडायला.

आदल्या रात्रीच्या जेवणानंतर पोरीला काही देऊ नका, असं बजावलं होतं. आमच्या माण तालुक्यात उपाशीपोटी साधी सुईसुद्धा कुणी घेत नाही, चक्कर येते. मला वाटलं, पोरीनं घाण करू नये म्हणून यांची ही सोय. सकाळी साताऱ्याच्या स्टँडवर तिला अर्धा ग्लास दूध पाजलं आणि ओढणीनं तोंड पुसलं. दवाखान्यात विचारलं तेव्हा "कायबी दिलं न्हाई" म्हणून मोकळी झाले.

सहीचा कागद पुढे आला, तरी माझं चालूच. "घशात नळी न्हाई म्हणता, मग श्वासाचं काय?"

"तिचा तीच घेईल. म्हणून तर उपाशी ठेवायचं. झोपेत पोटातलं वर आलं तर फुप्फुसात जातं. जीवावर बेततं."

पेन हातातच राहिलं. लाज वाटली, पण भीती तिच्याहून मोठी होती. "आवं मॅडम, दूध पाजलंय म्या," मी म्हटलं. त्या ओरडल्या नाहीत. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं.

ते नीट झालं. संध्याकाळी पोरगी उठून बसली, बिस्किट मागू लागली. पण मला आठवतं ते त्याच्या आधीचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "कायबी न्हाई." या खेपेला ते खरं होतं.  मग मॅडम पोरीसमोर उकिडव्या बसल्या.

"बाळा, आज आईनं काय दिलं गं?"

"कायबी न्हाई. पाणीबी न्हाई," पोरगी रागानं म्हणाली.

तेव्हा कुठे त्यांनी तिला कडेवर घेतलं.