पत्र्याच्या पलीकडे

अण्णा गेल्यावर त्याची गाडी विकून टाक, असं मला सगळ्यांनी सांगितलं. ज्यांनी तिला कधी हात लावला नव्हता, त्यांनी जास्त सांगितलं. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, झोपेतच गेला. मी नंजनगूडची नोकरी संपवून आईजवळ हूटगळ्ळीच्या घरी राहायला आले होते. माझ्या नाकावर तसाही राग असतो. त्या सल्ल्यांचा वीट येऊनच मी ठरवलं की गाडी मी पुरी करणार.

पिरियापट्टणच्या एका तंबाखूवाल्याच्या कोठारातून त्याने ती उचलून आणली होती. दोन दरवाजांची, जुन्या जमान्यातली, अंग सगळं अल्युमिनियमचं. अजून तिच्यात बसलं की तंबाखूचा वास येतो. इंजिन त्याने चालू केलं होतं, रंगाचे डबेही आणून ठेवले होते. राहिला होता तो मागच्या बाजूचा पत्रा. तो सांगाड्यावर रिबिटांनी बसवायचा होता आणि पहिल्या ओळीतली थोडी रिबिटं मारून तो गेला होता. त्याच्या शेवटच्या रिबिटापुढचं भोक रिकामं होतं. घराला लागून असलेल्या त्याच्या शेडमध्ये पाऊल टाकलं की माझी नजर आधी तिथे जायची.

आमचं घर शिंप्यांचं. हत्यारं निवडायची म्हटल्यावर मी आधी दुकानातलीच काढली. जीन्सच्या खिशाला रिबीट ठोकायचे साचे आमच्याकडे ढीगभर आहेत. रिबीट ते रिबीट, असं मला वाटलं. साच्याचा खळगा उथळ निघाला आणि गाडीच्या रिबिटाचं डोकं भाकरीसारखं पसरलं. दुसरी चूकही शिंप्याचीच. शिवणीबाहेर थोडं जादा कापड ठेवायचं, त्याला आम्ही माया म्हणतो, आणि ती सवय हातात इतकी भिनलेली की मी रिबिटाची दांडीही आतल्या बाजूला जरा जास्तच बाहेर ठेवायची. हातोडा पडला की ती दांडी मान टाकायची. वाकलेली रिबिटं काढून काढून कपाळाला हात लावायची वेळ आली.

मग अण्णाची पेटी उघडली. त्यात पोलादाच्या कांड्या होत्या, टोकाला वाटीसारखा खळगा असलेल्या. तो त्यांना स्नॅप म्हणायचा. एकेक स्नॅप रिबिटाच्या डोक्यावर बसवून पाहिला. खळगा मोठा असला तर पत्र्यावर चंद्रकोर उमटते, लहान असला तर डोकं चिरडतं. किंचित सैल बसणारा एक सापडला. हातोडा लहानच, पण दांड्यावर अण्णाच्या अंगठ्याने झिजून पडलेली खोलगट जागा. माझा अंगठा तिथे नेमका बसला आणि मला ते आवडलं नाही. पलीकडून धरायला आजोबांच्या कोळशाच्या इस्त्रीचा तळ होता. बाहेरून ठोकलं की आतली दांडी त्या लोखंडावर आपटून चपटी होते. त्याला दोन माणसं लागतात, एक बाहेर, एक आत. मी एकटी होते, म्हणून आत जॅक लावून इस्त्री टेकवून दिली.

पहिला घाव घातला आणि स्वयंपाकघरातून आईची हाक आली. "पुट्टा, साकु रे. पुरे झालं. ऊटाला ये, जेवायला."

पुट्टा म्हणजे अण्णा. लहानपणापासून ती त्याला तेच म्हणायची. माझ्या अंगावर काटा आला. हातोडा ठेवून मी आत गेले, तर तिने माझ्याकडे पाहिलं आणि भात वाढायला घेतला.

रोज तसंच व्हायला लागलं. मी ठोकलं की ती त्याला हाक मारायची. त्याहून वाईट म्हणजे माझ्या हाताला त्याची लय लागली. एक जोराचा घाव, मग दोन हलके. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. आवाज माझ्या हातून निघत होता आणि तो माझा नव्हता. इतके हादरे बसून जॅकवरची इस्त्री सरकायला हवी होती, पण ती कुणीतरी घट्ट धरून ठेवल्यासारखी जागच्या जागी असायची. माझा भुताबितांवर विश्वास नाही. तरी दर चार घावांनी मी वाकून आत पाहायची, हे खरं आहे.

मला भीती होती ती आईची. एक दिवस ती हाक मारत शेडपर्यंत येईल, तिथे तो नसेल, मीच असेन, आणि तिच्यासाठी तो पुन्हा एकदा मरेल. ते मला पाहवलं नसतं. म्हणून मी बाजारातल्या हार्डवेअरवाल्याकडे गेले. त्याने पॉप रिबिटाची गन काढून ठेवली. "ओब्बरे माडबहुदु, अम्मा," तो म्हणाला. एकट्याने करता येतं. पलीकडे माणूस नको, हातोडा नको. मूठ दाबली की टिक् असा आवाज होतो आणि रिबीट बसतं. अण्णाने असल्या गनला नाक मुरडलं असतं. मी घेऊन आले.

हाका बंद झाल्या. आईने खुर्ची शेडकडच्या खिडकीशी ओढून घेतली आणि ती तिथे गप्प बसायला लागली. जेवणही कमी झालं. मी स्वतःला समजावलं की तिला हळूहळू पचतंय.

एका दुपारी ती भिंतीचा आधार घेत शेडमध्ये आली. पॉप रिबिटाच्या डोक्यात मधोमध भोक राहतं, त्यावर तिने बोट फिरवलं.

"हे काय गं? सगळ्यांची तोंडं उघडी."

"आवाज नको म्हणून," मी म्हटलं.

"कुणाला नको?"

तिने स्टूल मागितलं, मागच्या सीटच्या रिकाम्या जागेत ते ठेवायला लावलं आणि दरवाजाची चौकट धरून आत जाऊन बसली. मांडीवर टॉवेलची घडी घेतली आणि इस्त्रीचा तळ त्यावर टेकवून पत्र्याला लावला. तिला काही सांगावं लागलं नाही. तेव्हा मला कळलं की अण्णासाठी पलीकडून तीच धरायची.

"त्याला दुसरं कोण होतं?" ती आतून म्हणाली. "ठोक."

मी नवं रिबीट घातलं आणि हातोडा उचलला. एक जोराचा, दोन हलके. पत्र्यामुळे ती मला दिसत नव्हती.

"पुट्टा, भूक लागली का रे?"

माझ्याने राहवलं नाही. "आई, मी आहे गं. अण्णा नाहीये. अण्णा गेला."

ती आतून म्हणाली, "गोत्तिदे. ठाऊक आहे मला. त्याच्या तोंडात तुळशीचं पाणी कुणी घातलं? मला खुळी समजलीस काय?"

"मग हाक कशाला मारतेस?"

"जन्मभर मारली. आता ती कुठे ठेवू? हातोडा वाजला की तोंडातनं येते." मग म्हणाली, "तू ओ दिली असतीस तर काय बिघडलं असतं? तर मशीन आणून घरच गप्प केलंस."

मी पत्र्याला कपाळ टेकून रडले. एवढे दिवस मी तिला वाचवत होते असं मला वाटत होतं, आणि वाचवत होते ते स्वतःला. त्या हाकेची भीती मला होती, तिला नव्हती.

पुढच्या दिवसांत पॉपची सगळी रिबिटं मी ड्रिलने पोखरून काढली आणि हातोड्याने पुन्हा नवी मारायला घेतली. आई रोज दुपारी आत बसते. ती त्याला हाक मारते आणि मी ओ देते. अजूनही दर वेळी मानेवर काटा उभा राहतो.

काल तिने आतून विचारलं, "किती राहिली गं?"

शेवटच्या कोपऱ्यात चार-दोन भोकं उरली होती. "पुष्कळ आहेत अजून," मी म्हटलं.

रिकाम्या भोकांतून आत ऊन येतं. ती तिथेच बसली होती, तिला ते दिसत असणारच.

"असू दे," ती म्हणाली. "सावकाश ठोक मग."